ग्रिलमधली वाट

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आनंदी शिवगण राहतात. मूळच्या संगमेश्वरकडच्या, शिक्षण नववी. नवरा महिपत काशीमीऱ्याला गॅरेजमध्ये वेल्डिंग करतो. २००५च्या जुलैत पाणी शिरलं तेव्हा आनंदीवहिनी आणि त्यांच्या सासूबाई गोदूबाई घरातच अडकल्या. सेफ्टी डोअर बाहेरच्या बाजूला उघडणारं. पाण्याने ते असं दाबून धरलं की हलेना. खिडक्यांना ग्रिल, आणि ग्रिलला कुठेही दार नाही. चोर आत येऊ नये म्हणून स्वतःलाच आत कोंडून घ्यायचं, ही आपली घरोघरची हुशारी. दोघी सात तास स्वयंपाकाच्या ओट्यावर उभ्या होत्या.

पाणी ओसरलं, गाद्या वाळल्या, लोक विसरले. वहिनी विसरल्या नाहीत. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी महिपतकडून हॉलच्या ग्रिलमध्ये माणूस निघेल एवढी चौकट कापून घेतली. तिला बिजागऱ्या, आतून कुलूप, किल्ली बाजूच्या खिळ्याला. मग दर रविवारी चार वाजता बिल्डिंगमधली दोन-तीन कुटुंबं त्या घरी बोलवू लागल्या. भाषण नाही. मेन स्विच कुठे आहे ते दाखवायचं, तो कोरड्या हाताने, पाणी उंबऱ्याशी यायच्या आधी पाडायचा, हे बजावायचं, आणि मग डोळ्यांना ओढणी बांधून कामाला लावायचं. चाचपडत गॅसचा रेग्युलेटर बंद करा, किल्ली शोधा, कुलूप काढा, बाहेर पडा. मी पहिल्यांदा गेले ती मॅक्सीत. कापड कडीत अडकलं आणि मी अर्धी आत, अर्धी बाहेर. वहिनींनी शांतपणे सोडवलं आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी खोचून या, तुम्ही बी.ए. आहात हे पाण्याला कळत नाही.

सेक्रेटरी काशीनाथभाऊंना हे खपेना. माणूस वाईट नाही. तळमजल्यावर चोरी झाली तेव्हा सगळ्यांची बोलणी त्यांनीच खाल्ली होती. मिटिंगमध्ये ते म्हणाले, ग्रिल कापणं नियमात बसत नाही, चोराला आयता रस्ता मिळतो. शिवाय हे असलं शिकवायचं तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे का?

"सात तास ओट्यावर उभी होते," वहिनी म्हणाल्या. "ते चालतं का बघा."

दोघं-तिघं हसले. ठराव मात्र पास झाला: चौकट आठ दिवसांत बंद करावी, नाहीतर सोसायटी करून घेईल. हात वर करणाऱ्यांत वहिनींकडे शिकून गेलेलेही होते. तळमजल्यावरच्याच, वहिनींच्या शेजारच्या आशाताईही. मी हात वर केला नाही, पण तोंडही उघडलं नाही.

वहिनींनी आठ दिवसांत काहीच केलं नाही. रविवारी सकाळी काशीनाथभाऊ वेल्डरला घेऊन आले. महिपत कामावर. आम्ही सगळे गॅलरीत. वहिनी भांडल्या नाहीत, आत जाऊन सासूबाईंशी काहीतरी बोलल्या. थोड्या वेळाने चौकट उघडली आणि गोदूबाईंचा एक पाय बाहेर आला. मग दुसरा. वय शहात्तर, गुडघ्यांमुळे जिना कधीच सोडलेला. काष्टा आवळलेला. त्या चौकटीतच बसल्या, पाय बाहेर सोडून.

"कर वेल्डिंग," त्या वेल्डरला म्हणाल्या. "माज्यासकट कर."

वेल्डरने काळा चष्मा वर करून भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, आजी, उतरा, लागेल. आजींनी त्यांना विचारलं, त्या दिवशी जिन्यात उभा राहून मला हाका मारीत होतास, दार उघडता आलं का तुला? त्या दिवशी भाऊ खरंच दार ओढून ओढून थकले होते.

तेवढ्यात आशाताई पुढे आल्या. वेल्डरला म्हणाल्या, "भैया, मशीन लाए हो ना? तो मेरा ग्रिल काटो. इतनीही चौकट."

भाऊंनी ठरावाची आठवण करून दिली. "मी हात वर केला होता," आशाताई म्हणाल्या. "आता खाली केला. पाणी आल्यावर दार तुम्ही उघडणार असाल तर राहू दे."

ठराव रद्द झाला असं भाऊ आजतागायत म्हणालेले नाहीत. फक्त ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा पोरांना मागे सरकवत उभे राहिले.

चौकट कापून निघाली. आनंदीवहिनींनी लोखंड गार होऊ दिलं, मग कडांवरून बोट फिरवलं आणि वेल्डरला म्हणाल्या की धार राहिली आहे, ओला हात चिरेल. कानस त्यांनी स्वतःच हातात घेतली. चार वाजायला अजून अवकाश होता.