सगळे सात वाजता उठतात!

शिकवायच्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे ते अंगावर बसतात, झटकले तरी थोडे उरतातच. मला तर जेमतेम आठ महिने झालेत आणि आत्ताच मैत्रिणी म्हणतात, "आज काय झालं, सांग!" त्या हसतात. माझं डोकं मात्र तापलेलं असतं.

दोन वर्षं स्पेनमध्ये शिकून मी वसईला परतले, तेव्हा वाटलं होतं, आपल्या वर्गात नुसत्या गप्पा चालतील. लोक चुकत, अडखळत, हसत नवी भाषा बोलतील. मिळालं काय? बाजारातल्या एका इमारतीचा दुसरा मजला, चाळीस खुर्च्या आणि लॅमिनेट केलेला एक कागद!

कागदाचं नाव 'माझा दिवस'. क्लासच्या मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, तो पहिल्या बॅचसाठी लिहिला होता. उठणं, अंघोळ करणं, कपडे घालणं, झोपणं अशी माणूस स्वतःची स्वतः करतो ती कामं स्पॅनिशमध्ये सांगताना क्रियापदाआधी 'मे' लावतात. 'मे लेवान्तो', मी उठते. 'मे दुचो', मी अंघोळ करते. हे वर्तमानकाळात शिकवायचं तर प्रत्येकाने आपापला दिवस सांगायचा. इतकं सोपं! पण आमच्याकडे सगळ्यांचा दिवस एकच. सगळे सातला उठतात, सव्वासातला अंघोळ करतात, दहाला झोपतात. विरारला सात वाजता उठून मुंबईत वेळेवर ऑफिसला कोण पोचतं, ते मला एकदा कोणीतरी दाखवावं!

*

माझा पहिला आठवडा. सकाळच्या बॅचला अकरा जणी, सगळ्या बायका. एकेकीला उभं करून दिवस विचारला. पहिली म्हणाली, "मे आफेइतो."

मला वाटलं, चुकून म्हणाली. दुसरी उठली. "मे आफेइतो." तिसरीही तेच!

"अहो, याचा अर्थ माहितेय का? मी दाढी करते!"

मग मागून आवाज आला, "मॅडम, ती ओळ काढू नका हं. पुढचं सगळं विसरायला होतं!"

मी तडक सरांच्या केबिनमध्ये. ते शांतपणे म्हणाले, "पहिल्या बॅचला सगळी मुलं होती. वाक्य करेक्ट आहे ना?"

"सर, या बायका आहेत!"

"परीक्षा तोंडी असते. दाढी कोण तपासतंय?"

*

एकदा भर वर्गात लाइट गेली. पंखे बंद, घामाच्या धारा. मी स्पॅनिशमध्ये विचारलं, "खिडकी कोण उघडतंय?"

अंधारातून अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "मी सात वाजता उठतो!"

खिडकी मीच उघडली.

*

सायमन काका रिटायर्ड. नात स्पेनमध्ये जन्मली, तिच्याशी फोनवर बोलता यावं म्हणून सत्तराव्या वर्षी वही घेऊन पहिल्या रांगेत. त्यांना कागद पाठ होईना, म्हणून मी त्यांना त्यांचाच दिवस लिहायला लावला. किती मनापासून लिहिला त्यांनी! सकाळी चर्चला जातो, मग बाजार, मग जेवून दुपारी दोनला झोपतो. 'मे अकुएस्तो आ लास दोस.' एक चूक नाही!

सरांनी वहीवर लाल रेघ मारली. "दुपारची झोप सिलॅबसमध्ये नाही."

काका हळूच मला म्हणाले, "बाय, स्पेनमधली माणसं दुपारी झोपतात असं ऐकलं होतं मी."

"झोपतात ना काका!"

"मग त्यांचेही मार्क गेले!"

*

आता रोहिणीचं सांगते.

रोहिणी जवळच्या जूचंद्र गावची. नवऱ्याचा कारखाना बंद पडला, सासू पडून अंथरुणाला खिळली. स्पॅनिश येणाऱ्यांना एक कंपनी फोनवर ग्राहकांशी बोलायची नोकरी देत होती, त्यासाठी ती क्लासला आलेली. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "कागद बाजूला ठेव. तुझा दिवस सांग."

"मॅडम, माझा दिवस काय सांगायचा! पहाटे पानी येतं, ते भरायचं. सासूला अंघोळ घालायची. पानी उरलं तर माझी."

"हेच सांग!"

तीन महिन्यांत ती असं बोलायला लागली की ऐकत राहावं. मी सरांना ऐकवलं: कागद नाही, घोकंपट्टी नाही, तरी बघा! मुलाखतीच्या दिवशी रोहिणीपेक्षा मीच जास्त नटले होते.

क्लासमधूनच लावलेल्या व्हिडिओ कॉलवर कंपनीचा एक तरुण अधिकारी होता. त्याने विचारलं, सकाळी काय करता? रोहिणी म्हणाली, मी चार वाजता उठते.

तो चक्क मराठीत म्हणाला, "चार नाही हो, सात. सात म्हणायचं असतं."

आमच्याच क्लासच्या पहिल्या बॅचचा निघाला तो!

रोहिणी गडबडली, पुढे काही सुचेना. नापास. सर वर्गासमोर म्हणाले, "बघा, मॅडमच्या प्रयोगाचा रिझल्ट!" मग सगळ्यांदेखत त्याला फोन लावला. "अरे, आपली मुलगी आहे ती. उद्या परत घे. या वेळी बरोबर बोलेल." त्याने लगेच उद्या अकराची वेळ दिली.

मी जिन्यात रोहिणीला गाठलं. तावातावाने म्हटलं, "तू चुकली नाहीस! उद्या पुन्हा हेच सांग. कंपनीला वरपर्यंत पत्र लिहू आपण! हे असं चालणार नाही!"

ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ही नोकरी नाय मिळाली तर तुम्ही काय करणार?"

"मी? म्हणजे...?"

"तेच म्हनते." आणि ती खाली उतरून रिक्षात बसली.

संध्याकाळभर मी पत्र लिहीत होते. तीन पानं झाली. एकेक वाक्य बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्कूटर काढली आणि जूचंद्रला गेले. घड्याळात साडेचार. रोहिणी नळाशी वाकून पिंप भरत होती. मला बघून उठायला लागली.

"उठू नको, पाणी जाईल," मी म्हटलं. रिकामी कळशी उचलून तिच्या शेजारी रांगेत लावली. "तू भर. माझ्यामागून म्हण. मे लेवान्तो आ लास सिएते. मी सात वाजता उठते."