कुणालाही सुचलं असतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुमच्यापाशी बोलतोय, पण तुम्ही समजून घ्यावं म्हणून नाही. आठवलं की अजून डोकं तापतं, माझंच माझ्यावर.

मद्रासला आमच्या कंपनीची गणकयंत्रं होती. त्यांना माहिती द्यायची ती भोकं पाडलेल्या कार्डांवरून. ऐप्पसीचा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, पाऊस लागला की दमट हवेनं कार्डं फुगायची, दोन-दोन चिकटून आत जायची आणि सगळं गणित चुकायचं. इंजिनियर मी. दोन पावसाळे, ऑफिस सुटल्यावर एकट्यानं, डोकेफोड केली — पावडर लावली, टीपकागद घातले, कार्डं आत ढकलणारी पाती घासली. शेवटी नाद सोडला.

ते सोडवलं गोविंदरावांनी. तंजावरकडचे मराठी, मद्रासातच तिरुवल्लिकेणीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे; नोकरी दुसरीकडे, पण तसल्याच यंत्रांवर. माझं हे रडगाणं रोज रात्री तेच ऐकायचे. यंत्राच्या मोटरचीच ऊब त्यांनी नळीतून कार्डांच्या कडेवर सोडली. कार्डं सुटी झाली. मला त्यांनी ते चालवून दाखवलं आणि मी कपाळावर हात मारून म्हणालो, "हे मला का सुचलं नाही?"

त्यांनी पेटंट मागितलं; आमच्या कंपनीनं विरोध केला. वकिलांनी दोन जुनी विलायती पेटंटं उकरून काढली. एकात छापखान्याचे कागद हवेच्या झोतानं सुटे करायचे, दुसऱ्यात मोटरच्या उबेवर सूत वाळवायचं. दोन्ही जोडा — झालं, यात शोध कसला? पेटंट नाकारलं गेलं. गोविंदराव अपिलात गेले, आणि या धंद्यातला जाणकार म्हणून कंपनीनं मला उभं केलं.

त्यांच्या वकिलानं मला एकच प्रश्न विचारला. तो गोविंदरावांनीच सुचवलेला होता; माझी ती डोकेफोड दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हती. "ही अडचण सोडवायचा तुम्ही स्वतः कधी प्रयत्न केला होता?" जाणकार माणूस दोन पावसाळे हरला, हाच त्यांचा पुरावा — आणि तो त्यांनी माझ्या तोंडात ठेवला होता. मी खरं बोलेन असं त्यांनी का धरून चालावं? कुणी सांगितलं होतं माझ्यावर विसंबायला? — बघा, अजूनही मी त्यांच्यावरच चिडतोय.

"कधी गरज पडली नाही," मी म्हणालो. "मनावर घेतलं असतं तर कुणालाही सुचलं असतं."

नोकरीची भीती? छे. कुणी धमकावलं नव्हतं. भरल्या खोलीत 'मला जमलं नाही' म्हणायची लाज वाटली, आणि त्यांना जमलं याचा राग होता. इतकंच — इतकं क्षुद्र.

अपील फेटाळलं. व्हरांड्यात गोविंदरावांनी विचारलं, "कसाला असं सांगितलांत?" मी जिना उतरून गेलो. त्यांनी खोली बदलली. पुन्हा काही बनवल्याचं ऐकलं नाही.

पुढच्या पावसाआधी आमच्या सगळ्या यंत्रांना तशी नळी बसली. बसवली मी. नवे आलेले साहेब वाकून बघत म्हणाले, "छान सुचलं हो तुम्हाला."

मी "थँक यू, सर" म्हणालो.