कुंदाआत्याच्या ग्रिलचं कापड

थांबा, बाकी सगळं बाजूला ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्यापर्यंत थांबले तर मी पुन्हा शहाणी होईन, नीट विचार करीन आणि गप्प बसेन... आणि गप्प बसायचं काम मी तीन वर्षं फार छान केलंय. फॅशनच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाचं माझं जे कापड सगळ्यांनी नावाजलं, ज्याच्यावर मला नोकरी लागली, ते माझं नव्हतं. म्हणजे कपडे मी शिवले, मुलींना घालून स्टेजवर मी पाठवलं, पण त्याच्यावरची छपाई माझी नव्हती. ती कुंदाआत्याची होती. आणि कुंदाआत्याला जाऊन आज पाच आठवडे झाले.

नोएडातल्या ज्या एक्स्पोर्ट हाउसमध्ये मी काम करते, तिथे सॅम्पलच्या खोलीत फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. दुसऱ्या मुलीने रिसीव्हर कानाला लावून धरला. काका, म्हणजे आत्याचे मिस्टर, एवढंच म्हणाले, "मिनू, कुंदा गेली गं." लंचमध्ये खाली पान खायला मैत्रिणींबरोबर निघाली होती, ऑफिसच्या जिन्यात बसली ती उठलीच नाही. लोक म्हणतात अशा वेळी सुन्न व्हायला होतं. मला झालं नाही. माझ्या डोक्यात धाडकन आलं ते असं, की अरे यार, आता मी कोणाला सांगू? दोन दिवस मला लाज वाटत होती त्या विचाराची. पण खरा तोच होता.

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात स्टेनो म्हणून लागली आणि शेवटपर्यंत सेक्शनमधली सगळ्यात फास्ट टायपिस्ट राहिली. मी हे जे धडाधड टाइप करतेय ना, ते तिनेच शिकवलंय, बोटांवर पट्टी मारून. आम्ही फरीदाबादचे, बाबा तिथल्या कारखान्यात. माझं कॉलेज नोएडात, रोज फरीदाबादहून जायचं म्हणजे अर्धा दिवस बसमध्ये. म्हणून मी मयूर विहारला आत्याकडे राहायला आले. सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, मूलबाळ नाही, एक बाल्कनी आणि एक बाथरूम. ती बाथरूम मी पहिल्या महिन्यातच कामातून घालवली. पाणी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, त्यात माझ्या पाच बादल्या भरून. काका बिचारे रेल्वेतून नुकतेच रिटायर झालेले. एकदा टॉवेल गुंडाळून बाहेर उभे होते आणि हातात गुलाबी झालेला बनियन.

"कुंदा, ही पोरगी मला होळीला सोडून बाकी वर्षभर रंगवणार आहे."

"अहो, शोभतोय की तुम्हाला. असाच घालून दूध आणायला जा."

अशी होती ती. सकाळी पावणेनऊची ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस पकडायची, खांद्याला पर्स, पर्समध्ये डबा, विणकाम आणि एक स्टेनोची वही. त्या वहीकडे मी कधी लक्ष दिलं नाही. ऑफिसचं काहीतरी असेल.

मला तेव्हा नैसर्गिक रंगांचं वेड लागलं होतं. जुन्या दिल्लीतल्या खारी बावलीच्या मसाला बाजारातून हरड, मंजिष्ठा, डाळिंबाची सालं असं पोतंभर आणलं. आत्याने पिशवीत डोकावून वास घेतला. "हा तर हिरडा! आजी आम्हाला पोट साफ व्हायला द्यायची. तुमच्या कॉलेजात जुलाब शिकवतात का?" मी तोंड वाकडं केलं. खरं म्हणजे तेव्हाच तिला समजावून सांगायचं होतं, की हिरड्याच्या पाण्यात भिजवलं की कापड फिकट पिवळं होतं, मग त्याच्यावर तुरटीचे ठसे मारून मंजिष्ठेत उकळलं की ठसे लाल उठतात. आणि मुख्य म्हणजे हिरड्याच्या ओल्या कापडाला लोखंड लागता कामा नये, लागलं की काळं. एवढंच. दोन मिनिटं लागली असती. पण मी काय म्हणाले? "आत्या, ते टेक्निकल आहे. तू फक्त हात लावू नकोस." टेक्निकल!

मे महिना होता. माझी फायनल ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायची परीक्षा, दहा दिवसांवर. बारा मीटर मलमल हिरड्यात भिजवून मी गच्चीवर नायलॉनच्या दोरीवर वाळत घातली आणि कॉलेजला गेले. दुपारी आंधी आली. दिल्लीची आंधी ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको, दिवसाढवळ्या आकाश पिवळंजर्द, मग तपकिरी, दारं आपटतात, कोणाची तरी पाण्याची टाकी घरंगळते. आत्या त्या दिवशी रजेवर होती, गुडघे दुखत होते म्हणून. तेच गुडघे घेऊन ती दोन मजले वर चढली, कापड धरलं, खाली आणलं आणि ओलंच आहे म्हणून बाल्कनीच्या ग्रिलवर तीन-चार पदरांत नीट ताणून पसरलं. चिमटेसुद्धा लावले, एकसारख्या अंतरावर. ती ग्रिल सोसायटी झाल्यापासून रंगवलेली नव्हती. उभे गज, मध्ये बर्फीसारखे चौकोन, आणि सगळीकडे गंज.

मी संध्याकाळी घरी आले तर बारा मीटर कापडावर ग्रिलच ग्रिल. काळे गज, काळ्या बर्फ्या, कुठे गडद, कुठे धुरकट.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" हे नक्की म्हणाले. "तुमच्यासारख्या लोकांना काही कळत नाही" हेही म्हणाले. तुमच्यासारख्या! आत्या ओढणीने हात पुसत उभी होती. "आंधी आली गं... मला वाटलं उडून जाईल," म्हणाली. काकांनी पेपर खाली ठेवला आणि फक्त म्हणाले, "मिनू, बस झालं." मी जेवले नाही. दोन दिवस बोललेही नाही. माझी बादली माझी, माझा कोपरा माझा.

तिसऱ्या दिवशी आत्या ऑफिसातून आली, चप्पल काढली आणि माझ्यासमोर डायनिंग टेबलवर तिच्या जुन्या पांढऱ्या साडीचे सात-आठ तुकडे मांडले. प्रत्येकावर काहीतरी उमटलेलं. एकावर किसणीची भोकं, बारीक काळे ठिपके, मुंग्यांची रांग जशी. एकावर तव्याचा गोल, कडेने विरत गेलेला. एकावर यू-पिना, ऑफिसच्या, शंभरेक तरी, एका दिशेने ओळीत लावलेल्या, जणू कापडावर पाऊस तिरका पडतोय. मी तोंड उघडून बघत राहिले.

"तुझ्या बादलीतलं पाणी घेतलं थोडं," ती म्हणाली. "ओरडू नकोस. आमच्याकडे जुन्या फायलींना पिनांचा गंज लागतो ना, कागदावर डाग पडतो. मला वाटलं, हे तेच आहे. मग म्हटलं बघू तरी. पण नुसती पिन चालत नाही, आधी मिठाच्या पाण्यात ठेवून गंजवावी लागते."

आणि पर्समधून ती वही काढली. वाचून दाखवली, डिक्टेशन वाचतात तशा आवाजात. किसणी, दोन तास, करडा. तवा, आठ तास, काळाकुट्ट, कडा चांगल्या. पिना, चार तास, मध्ये एकदा पाणी शिंपडणे. चिमटा, फुकट गेला, स्टीलचा निघाला.

म्हणजे बघा, कॉलेजात तीन वर्षं मी प्रयोग-प्रयोग करत होते आणि एकदाही तास लिहून ठेवले नव्हते.

पुढचा आठवडा घर म्हणजे कारखाना झालं. मी ठसे, शिलाई, मंजिष्ठा बघायचे. लोखंडाचं खातं आत्याचं. ग्रिलचं खराब झालेलं कापड टाकायचं नाही, तेच मुख्य धरायचं, हेही तिनेच ठरवलं. "अगं, इतकी सरळ रेघ तुला ठशाने तरी आली असती का?" सकाळी बस पकडायच्या आधी कापड लावून जायची, आल्याबरोबर पर्स खांद्यावर असतानाच कोपरा उचलून बघायची.

ज्युरीत तिघे होते. सगळ्यांत मोठ्या बाईंनी कापड हातात घेतलं, चष्मा वर केला, विचारलं, "हे सुचलं कसं?" माझ्या आधीच्या मुलाने पॅरिसचं कुठलंतरी म्युझियम सांगितलं होतं. त्याच्या आधीच्या मुलीने समुद्राखालचं जग. आणि मी काय सांगणार होते? माझी आत्या, सरकारी ऑफिसात टायपिस्ट, तिने चुकून ग्रिलवर वाळत घातलं? मी म्हणाले, "मी घरातल्या लोखंडी वस्तूंवर प्रयोग करत होते." मी. करत होते. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

शोच्या दिवशी प्रत्येकाने मंचावर येऊन दोन वाक्यं बोलायची होती. तेच वाक्य मी माइकवर पुन्हा म्हटलं. आत्या आणि काका तिसऱ्या रांगेत. तिने जांभळी इरकल नेसली होती आणि टाळ्या सगळ्यांत शेवटी थांबवल्या. परत येताना ऑटोत मी मध्ये, दोघं दोन बाजूंना. ती म्हणाली, "छान बोललीस हो. 'मी प्रयोग करत होते.' ऐकायला किती छान वाटतं, नाही?" मी तिच्याकडे बघितलं. टोमणा होता की कौतुक, मला कळलं नाही. खरंच सांगते, अजूनही कळलेलं नाही. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण किसणी कमी वेळ ठेवलीस. मी तीन तास सांगितलं होतं." आणि ऑटोबाहेर वाकून नवा पूल बघायला लागली.

मग नोकरी, मग नोएडात मैत्रिणींबरोबर खोली. मयूर विहार किती लांब? नोएडाला लागूनच. पण 'या रविवारी पक्का' म्हणता म्हणता दोन महिने जायचे. ती फोनवर विचारायची, "काय, नवीन काय उकळतेस?" मी म्हणायचे, सगळं केमिकल आहे गं, काही मजा नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या कंपनीने माझी ग्रिलची डिझाइन घ्यायची ठरवली. सॅम्पलच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक प्रिंटचं नाव लिहितात, पुढे तेच नाव लेबलवर जातं. सरांनी पेन उघडून विचारलं, "नाम क्या रखें?" एवढी सोपी संधी, बघा. दोन अक्षरं होती. मी म्हणाले, "बाल्कनी." मनात म्हटलं, तिला आधी भेटून सगळं सांगू, माफी मागू, मग बदलून घेऊ. रविवारी. पक्का.

ते राहिलं ते राहिलंच.

परवा काकांचा फोन आला. सोसायटीने ठरवलंय, सगळ्यांच्या बाल्कन्या एकाच हिरव्या रंगाने रंगवायच्या, सोमवारी रंगवाले येणार, आधी सगळा गंज घासून काढणार. "तुला काही करायचं असेल तर बघ बाई," एवढंच म्हणाले. म्हणून मी आज सकाळी हिरडा आणि मलमल घेऊन आले. बाथरूममध्ये माझ्या बादल्या तशाच, एकात एक घातलेल्या. कापड भिजवलं, पिळलं, ग्रिलच्या आतल्या बाजूने पसरायला घेतलं तर काका म्हणाले, "आतून नाही. बाहेरून लाव. बाहेरच्या बाजूला गंज जास्त आहे, कुंदा तसंच लावायची."

"तुम्ही बघायचात?"

"बघायचो? ती ऑफिसला गेल्यावर मध्ये एकदा पाणी कोण शिंपडत होतं मग?"

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच लागले. पाच आठवड्यांनी.

काकांनी आत जाऊन ती वही आणली. मी शेवटपर्यंत चाळली. माझ्या ज्युरीनंतरही नोंदी होत्या. म्हणजे ती करतच होती, एकटी, मला न सांगता. आणि शेवटच्या पानावर वर लिहिलं होतं 'करायचं राहिलं' आणि खाली: जुन्या ट्रंकेची कडी. स्कूटरला बांधायची चेन (यांना विचारणे). सेक्शनमधलं मोडकं पंचिंग मशीन, रिटायर होताना मागून घेणे. आणि त्याखाली: मिनूला दाखवणे.

मिनूला दाखवणे.

मी आत्ता आत्याच्या टेबलावर बसून लिहितेय. समोर बाल्कनीचं दार उघडं आहे आणि कापड ग्रिलवर आहे. सकाळी नुसतं पिवळं होतं, आता एकेक गज वर यायला लागलाय. काका दर तासाला पाण्याचा मग घेऊन जातात आणि गुलाबांना पाणी घालावं तसं शिंपडतात. उद्या इथे हिरवा रंग लागेल. आणि उद्याच सकाळी मी रजिस्टर उघडून 'बाल्कनी' खोडणार आहे आणि तिथे 'कुंदा' लिहिणार आहे, आणि सर का म्हणून विचारतील तेव्हा ऐकवीन सगळं, जिन्यापासून किसणीपर्यंत. पण मला माझा भरवसा नाही, हो. माइकसमोर मी कशी आहे ते मला माहितेय. म्हणून आधी तुम्हाला सांगून टाकलं. आता हे पेपरला पाठवतेय, पुरवणीत छापून आलं की मागे फिरता येणार नाही.

तुमचं झालंय का असं कधी? घरातल्या कोणाच्या तरी हातचं, डोक्यातलं, चुकून सापडलेलं काहीतरी तुम्ही चार लोकांत 'मी केलं' म्हणून सांगितलंय, आणि ते माणूस तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतं? आणि ते माणूस आत्ता, हे वाचताना, तुमच्या आतल्या खोलीत आहे का?