तुमची एखादी चूक सांगा

मिस्त्रींचा कोणावर म्हणून विश्वास नाही. दाराला कुलूप लावलं की ते ओढून बघतात, दोन पायऱ्या उतरतात, परत वर येतात आणि पुन्हा ओढतात. जिन्यात कोणी सहज ‘बरं आहे ना?’ विचारलं तर हे डोळे बारीक करून म्हणणार, “का? काय ऐकलंत?” त्यांची बायको सांगते, लग्नाआधी पहिल्यांदा तिच्या घरी आले, तेव्हा तिच्याकडे बघण्याआधी यांनी फ्रीजच्या दाराचं रबर दाबून बघितलं होतं.

तेवढं माफ करावं, कारण थंडी राखणं हाच त्यांचा धंदा. तीस वर्षं फुलांच्या शीतगृहात काढली. कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगत. यंदा शीतगृह बंद पडलं आणि बावन्नाव्या वर्षी मिस्त्री घरी बसले. घरी बसले म्हणजे काय, तर दिवसातून चार वेळा घरचा फ्रीज उघडून त्याची चौकशी करू लागले. बायको टेकीला आली. शेवटी मुलीनेच एका बड्या कंपनीत त्यांचा अर्ज भरून टाकला. कंपनी एवढी मोठी, की तिच्याशिवाय कोणाचा फोन उघडत नाही. तिचे हजारो कॉम्प्युटर एका अवाढव्य इमारतीत अहोरात्र तापत असतात, आणि त्यांना गार ठेवायला माणसं लागतात.

कंपनीचा फोन आला तेव्हा मिस्त्रींनी आधी तो फसवणुकीचा ठरवला. “तुमचा नंबर द्या, मी उलटा लावतो,” म्हणाले. लावला. त्याच बाईने उचलला. तरी यांनी विचारलं, “तुमच्या खिडकीतून काय दिसतं?” बाई हसली. तिने पार्किंग दिसतं म्हणून सांगितलं आणि प्रश्न सुरू केले. गॅसचा दाब, पंप, पाण्याचे पाइप... मिस्त्री धडाधड उत्तरं देत गेले. मग ती म्हणाली, “काम करताना तुमच्याकडून झालेली एखादी चूक सांगा, आणि त्यातून काय शिकलात?”

मिस्त्रींनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

“एकदा पाना घरी विसरलो होतो,” ते म्हणाले.

आता मिस्त्रींच्या पोटातली गोष्ट सांगायला हवी. अकरा वर्षांपूर्वी शीतगृहातली धोक्याची घंटा आठवडाभर उगाचच वाजत होती. थंडी मोजणाऱ्या यंत्रात पाणी शिरलं होतं. वैतागून मिस्त्रींनी घंटेची तार काढून ठेवली. नवीन यंत्र आलं की जोडू म्हणाले; ते आलं, बसवलंही, पण तार जोडायची विसरून दोन दिवस रजेवर गेले. त्यांच्या जागी ड्युटीवर होता त्यांचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नेमका तेव्हाच कॉम्प्रेसर बंद पडला. घंटा काही वाजली नाही आणि खोलीभर फुलांनी माना टाकल्या. मिस्त्री कामावर आले, काय झालं ते क्षणात समजले, आणि कोणाच्या नजरेला पडण्याआधी तार जोडून मोकळे झाले. मालकाने तपासलं तर घंटा ठणठणीत! “वाजली नाही हो,” असं साडू कंठशोष करून सांगत राहिला. त्याची नोकरी गेली. तेव्हापासून तो शाळेची व्हॅन चालवतो, आणि सगळं सासर त्याला ‘बहिरेराव’ म्हणतं. सासरे तर त्याच्याशी मुद्दाम ओरडूनच बोलतात. सगळे हसतात. मिस्त्रीही हसतात, पण जरा उशिरा.

आठवड्याने दुसरी मुलाखत झाली, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. कानाला डबडी लावलेला एक तरणाबांड पोरगा. सगळं नीट चाललं होतं, आणि शेवटी तोही तेच. “सर, तुमची एखादी चूक?”

“पाना,” मिस्त्री म्हणाले आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवलं.

“अहो, बोट कशाला ठेवलंत?” मुलाखत संपताच बायको आतून म्हणाली.

“यांना काहीतरी वास लागलाय,” मिस्त्री कुजबुजले. “दोन वेगळी माणसं, प्रश्न मात्र शब्दाला शब्द तोच. पोलीस असंच करतात.”

“तुमच्या पाठीमागे पोलीस लागायला तुम्ही केलंय काय?”

यावर मिस्त्री फ्रीज उघडून बघू लागले.

त्या कंपनीला माणसाचं सगळंच कळतं, असं त्यांनी ऐकलं होतं. पण तारेचं कळावं कसं? त्या वेळी तिथे कोण होतं? का साडूलाच संशय आला आणि त्याने कुठे तोंड उघडलं? दुसऱ्या दिवशी ते साडूच्या दारात हजर. तो व्हॅन धूत होता.

“या दादा! आज इकडे कसे?”

“सहज. तुझी त्या कॉम्प्युटर कंपनीत कोणाशी ओळख आहे का रे?”

“माझी? त्यांच्या फाटकावर व्हॅन वळवतो, तेवढीच. का?”

“काही नाही. ते विचारतात, तुमची चूक सांगा.”

साडूने फडकं पिळलं. “मला विचारलं असतं तर मी नापासच. ड्युटीवर असताना मी डुलकी घेतली नव्हती, कानात काही घातलं नव्हतं. अकरा वर्षं शोधतोय दादा, माझी चूक सापडतच नाही.” आणि हसला.

हा टोमणा होता की साधं बोलणं, याचा विचार करत मिस्त्री घरापर्यंत चालत आले. बस समोरून गेली तरी कळलं नाही.

तिसरी फेरी कंपनीत. काचेच्या भिंती, पाठ रुतेल अशा खुर्च्या. पाणी आलं, ते यांनी घेतलं नाही. आत तिघं बसलेले: मध्ये मॅडम, एका बाजूला पिकल्या केसांचा इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला नुसता टायपिंग करणारा. इंजिनिअरने पंपाचा आवाज ऐकवला. मिस्त्रींनी बेअरिंग गेल्याचं सांगितलं, कुठल्या बाजूचं तेही. तो खूश झाला. मग मॅडमनी कागद उलटला.

“दोन्ही वेळा तुम्ही पान्याचं सांगितलंत. तीस वर्षांत त्याहून मोठी चूक झालीच नाही?”

मिस्त्री खुर्चीच्या कडेला सरकले. मग म्हणाले, “तुम्हाला सगळं माहीत आहे. मग फिरवून फिरवून कशाला विचारता?”

“कशाबद्दल?”

“घंटेबद्दल!”

आणि धरण फुटावं तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं. तार, रजा, फुलं, साडू, बहिरेराव. टायपिंगवाल्याची बोटं काही थांबली नाहीत. इंजिनिअरने मात्र चष्मा काढला.

“तुमच्या साडूंना हे माहीत आहे?” त्याने विचारलं.

“नाही.”

मॅडमनी अर्जाचं पान काढलं. मग म्हणाल्या, “ठीक आहे. आता तुमच्या जुन्या सहकाऱ्याला परवा फोन करून तुमच्याबद्दल विचारू. अर्जात नंबर आहेच.” त्यांनी नंबर वाचून दाखवला. साडूचा नंबर! लेकीला घरातला दुसरा शीतगृहवाला कोण आठवणार?

मिस्त्री बाहेर आले. खुर्चीत जनरेटरच्या कामासाठी आलेला एक उमेदवार आपल्या पाळीची वाट बघत होता. त्याला बाजूला घेऊन त्यांनी दबक्या आवाजात बजावलं, “सांभाळा. ते चूक विचारतात. आधीच सगळं काढून ठेवलेलं असतं त्यांनी.”

जनरेटरवाला खो खो हसला. “अहो, सगळ्यांनाच विचारतात! जिथे जाल तिथे हा प्रश्न ठरलेला. मी पाठच करून आलोय. ‘मी कामात फार बारकाईने बघतो, हीच माझी चूक.’ तुम्ही काय सांगितलंत?”

मिस्त्रींनी काचेतून आत बघितलं. म्हणजे कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं दाताखाली धरलेली गोष्ट यांनी आपण होऊन तिघांना दिली होती, वर टाइप करून. आणि आता ते साडूला फोन करणार. मॅडम बोलल्या नाहीत तरी तो टायपिंगवाला बोलेल. माणसाचा काय भरवसा?

तिथून ते तडक साडूकडे गेले. तो दारातच टायरमध्ये हवा भरत होता. मिस्त्रींनी उभ्या उभ्या सांगितलं. पंपाचा आवाज थांबला.

“तार परत कधी जोडलीत?” साडूने विचारलं.

“आल्या आल्या. मालक यायच्या आत.”

“म्हणजे खरंच वाजली नव्हती.”

“नाही.”

साडू उठला. हात पुसत त्याने यांच्याकडे नीट बघितलं. “आज का सांगताय? काय हवंय?”

“परवा कंपनीचा तुला फोन येणार आहे. तुला त्यांच्याकडून कळलं असतं.”

“आणि फोन येणार नसता तर?”

मिस्त्रींनी टायरकडे बघितलं. “नसतं सांगितलं, बहुतेक.”

“हे मात्र खरं बोललात,” साडू म्हणाला, आणि घराकडे तोंड करून ओरडला, “अगं ए, बाहेर ये! दादा काय म्हणतायत ऐक.”

मिस्त्रींनी मेव्हणीपुढे पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली. मग साडूने सासऱ्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मिस्त्रींच्या तोंडापुढे धरला. इथेही तीन फेऱ्या झाल्या, आणि इथे पान्याचं सांगायची सोय नव्हती. सांगून झालं. “त्याला दे,” सासरे म्हणाले. साडूने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. म्हातारा पहिल्यांदाच हळू बोलत असावा, कारण बाकी कोणाला काही ऐकू आलं नाही. साडू फोन घेऊन व्हॅनच्या पलीकडे गेला आणि तिथेच उभा राहिला.

कंपनीचा फोन ठरल्या दिवशी त्याला आला. काय बोलणं झालं, ते त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी मिस्त्रींना नेमणुकीचं पत्र आलं. त्यांनी ते उजेडात धरून बघितलं, मुलीकडून दोनदा वाचून घेतलं, कंपनीत फोन लावून खरं असल्याची खात्री केली.

“साडूने काय सांगितलं असेल गं?” ते बायकोला म्हणाले. “चांगलं सांगितलं असेल, तर का? आणि वाईट सांगितलं असेल, तर यांनी मला घेतलं कसं?”

“तुम्हीच विचारा ना त्याला.”

“तो फोन उचलत नाही. रविवारीही आला नाही.”

“येईल. सांगायला तुम्हाला अकरा वर्षं लागली. त्याला निदान अकरा आठवडे तरी द्या.”

मिस्त्रींनी डोळे बारीक केले. “असं तो म्हणाला?”

“नाही हो,” बायको म्हणाली, “मी म्हणतेय.”