चाखायची द्राक्षं

महाशिवरात्रीचा आदला दिवस, दिंडोरी रस्ता, द्राक्षं साठ रुपये किलो. हजर मी, बायको आणि द्राक्षं विकणारी एक अनोळखी बाई. बागेतली तीनशे रुपये रोजाची मजुरी सोडून कायम विक्रीलाच बसावं का, हे तिला ठरवायचं होतं. मी हिशेब मांडला: दिवसाला वीस किलोची खरेदी आठशे, विक्री बाराशे, सुटले चारशे. "बसा बिनधास्त!"

पदराने काटा पुसत ती हसली. "दादा, दोन किलो लोक चाखण्यातच खातात. ते नाय धरले तुम्ही."

म्हणजे सुटणार दोनशे ऐंशी, मजुरीच बरी.

"पाव किलो तर ह्यांनीच संपवली," बायको म्हणाली. माझा हात टोपलीतच होता.

"मग पासष्ट लावते. तीनशे सत्तर सुटतील. बसते उद्यापास्नं!"

शेवटी किलोचे पासष्ट आणि चाखलेल्या पाव किलोचे, जुन्या भावाने, पंधरा, असे ऐंशी रुपये मी तिला दिले.