टपावरची भोकं

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. आज सोसायटीच्या आवारात एका गाडीच्या टपावरून गंजाचा तपकिरी ओघळ उतरलेला दिसला आणि किळस आली. गाडीची नव्हे, माझी.

दादाच्या गाडीवर कॅरिअर बसवायला टपाला भोकं मीच पाडली होती. उघड्या पत्र्याला गंजू नये म्हणून रेडऑक्साइड लावायचं, स्क्रूखाली रबरी वायसर घालायचा, हे मला ठाऊक होतं. कंटाळा केला. पावसाळ्यात पाणी झिरपून मागच्या सीटखाली साचलं, कुजलं. दार उघडलं की कुजका वास यायचा.

"तुझ्या माहेरच्या सुकटीनं गाडी नासवली!" दादा सगळ्यांसमोर वहिनींवर ओरडला.

"अहो, सुकट डब्यात होती," त्या म्हणाल्या.

वर मीच हसून म्हणालो, "वहिनी, यापुढे सुकट एसटीनं आणा हं!"

त्यांनी माहेरचं काही आणणंच सोडलं. गंज रंगाखालून पसरत राहतो, वरून गाडी चकचकीत दिसते. मीही तसाच चकचकीत राहिलो.

वहिनींच्या शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसून हवापाण्याचं बोललो आणि उठून आलो. म्हणायचं होतं ते एवढंच : वहिनी, तो वास तुमच्या सुकटीचा नव्हता, माझ्या कामाचा होता. मला माफ करा.