ही आमची बाई

मंगलीचे माहेर डोंगराच्या पलीकडे, छत्तीसगडात. सासर अलीकडे, दरेकसाजवळच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर. मधल्या जंगलातून राज्याची हद्द जाते हे तिला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळले, कारण तिच्या लग्नाची गाडी कोणी अडवली नव्हती. दोन्हीकडे तोच मोह, तेच धान, तीच गोंडी. माघात कचारगडची यात्रा भरली की माहेरची आणि सासरची माणसे एकाच गुहेपाशी माथा टेकतात. आपले मूळ पुरुष त्या गुहेतून बाहेर आले असे ते मानतात. तिथे कोण कुठल्या राज्यातून आला हे कोणी विचारत नाही.

सकाळच्या पॅसेंजरने ती गोंदियाला उतरते आणि एका राइस मिलमध्ये कामाला जाते. तिथे उसना तांदूळ करतात. म्हणजे धान आधी वाफेवर शिजवायचे, मग सिमेंटच्या पटांगणात पसरायचे आणि वाळेपर्यंत पायांनी फिरवत राहायचे. बायकांची रांग पाय घाशीत चालते, मागे नांगरल्यासारख्या रेघा उमटतात. उन्हाळ्यात खालून सिमेंट भाजते, वरून ऊन. तरी धानात चप्पल घालून कोणी जात नाही. खायच्या वस्तूवर जोडा ठेवू नये, एवढेच. हे कोणाला शिकवावे लागलेले नाही.

या उन्हाळ्यात मालकाने ठेकेदाराकडून बंगालकडची माणसे आणवली. ती मिलच्या गोदामातच झोपत आणि देतील त्या मजुरीवर राबत. मंगलीचे निम्मे काम गेले. तीही चिडली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. "या लोकायनं आमच्या पोटावर पाय देल्ला," असे ती रांगेतल्या जोडीदारणीला, अनुसयाबाईला, रोज म्हणे. ज्याने त्यांना आणले त्या मालकाचे नाव मात्र दोघींच्याही तोंडी येत नसे. त्याची गाडी फाटकात शिरली की सगळ्या पदर सावरून उभ्या!

मिलमध्ये बांगलादेशी लपवलेत, अशी गावात बोलवा उठली. एका सकाळी पीयूष नावाचा तरुण चार मित्र घेऊन, मोबाइल समोर धरून आत घुसला. मालकाला आधीच कुणकुण लागली होती. गोदाम पहाटेच रिकामे झाले होते. पोरांना तिथे चुलीचे काळे दगड आणि वाळत राहिलेली एक लुंगी सापडली. एवढ्यावर परत कसे जायचे? पोरे तडक पटांगणात शिरली, बुटांसकट, ओल्या धानातून.

"ए बाबू, बूट काढ!" मंगली ओरडली. "धानात बूट घालून कायले चालून राहिला? घरी ताटात बूट ठेवतोस का रे?"

बायका खदखदून हसल्या. पीयूष लाल झाला आणि मोबाइल मंगलीकडे वळला.

"तू कहाँ की है?"

"दरेकसाची."

"मराठी तो लगती नहीं. कार्ड दिखा."

"कार्ड घरी पेटीत आहे. धान फिरवाले कार्ड कायले लागते?"

घाबरली की तिच्या बोलण्यात माहेरची छत्तीसगडी शिरते, तशी ती शिरली. "सुनो, सुनो इसकी भाषा!" एक मित्र नाचू लागला. तिच्या हातांवर कोपरापर्यंत गोंड बायकांचे गोंदण आहे. याच जिल्ह्यात वाढलेल्या पोराला ते ओळखता येऊ नये? त्याने मोबाइल जवळ नेऊन ते टिपले, जसा काही पुरावाच!

तेवढ्यात मुनीम दुर्गाप्रसाद ऑफिसातून बाहेर आला आणि मंगलीचा जीव भांड्यात पडला. याच्या मुलीच्या बाळंतपणात तिने जंगलातला मध आणून दिला होता. चारोळी तर दर हंगामाला.

"मुनीमजी, सांगा ना यायले!"

दुर्गाप्रसादने मोबाइलकडे पाहिले, मग जमिनीकडे. "आपल्या रजिस्टरात हिचं नाव नाही," तो मोठ्याने म्हणाला. "ठेकेदाराची असेल."

यात खोटे काही नव्हते, आणि हलकटपणा आहे तो इथेच. नाव नव्हते, कारण इतक्या वर्षांत त्यानेच ते लिहिले नव्हते. लिहिले की पीएफ भरावा लागतो, हातपाय मोडले तर जबाबदारी येते. आधी माणसाला कागदाबाहेर ठेवायचे आणि मग कागद नाही म्हणून त्याला परका ठरवायचे! बंगालकडची असोत की दरेकसाची, मालकाला दोघांचा उपयोग एकच.

पोरांनी पोलीस बोलावले आणि तिला ठाण्यात नेले. संध्याकाळी नवरा उदेभान कार्ड घेऊन धावत आला. हवालदाराने ते उलटसुलट पाहिले आणि "पुढे जवळ ठेवत जा" म्हणून सोडले, जणू चूक तिचीच. तोवर 'गोंदियात बांगलादेशी पकडली' हा व्हिडिओ तिच्या तालुक्याच्या गावी, सालेकसापर्यंत पोचला होता. परतीच्या गाडीत एका बाईने तिला पाहून आपली पिशवी जवळ ओढली.

"दुसरी मिल पाहू," उदेभान म्हणाला.

"दुसरी काऊन? मी का चोरी केली?"

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्याच गाडीने गेली. शिजलेले धान नुकतेच बाहेर पडले होते, पटांगणात ढीग वाफाळत होते. ते लगेच पसरले नाही तर आंबते. मंगलीने चपला काढल्या, पण धानात पाय घातला नाही. ती ढिगाशेजारी बसली.

"काल जे बोलाले पाहिजे होतं ते मुनीमजीनं आता बोलावं. मंग उठतो आम्ही."

अनुसयाबाई तिच्या बाजूला बसली. मग एकेक करून सगळी रांग.

"अरे, धान खराब होऊन राहिलं!" दुर्गाप्रसाद धावत आला. "जो हुआ सो हुआ, मंगली."

"मले काय होते? मी तुमच्या रजिस्टरातच नाही."

"मालक येऊन राहिले!"

"येऊ द्या," अनुसयाबाई म्हणाली. "त्यायलाबी बसाले बोरा टाकतो."

वाफ ओसरली. आंबूस वास हळूहळू चढू लागला. अनुसयाबाईने कमरेची पिशवी सोडून मोबाइल काढला आणि मुनीमाच्या तोंडासमोर धरला.

"ही आमची बाई आहे," तो पुटपुटला.

"जोरात," मंगली म्हणाली. "काल नाही म्हणाले, ते जोरात होतं."

"ही आमची बाई आहे! दरेकसाची! बारा वर्सापासून इथं काम करून राहिली!"

मंगली उठली आणि तिने धानात पाय घातला.

पीयूषने आपला व्हिडिओ अजून काढलेला नाही. तो पाहणारे हजारो; मुनीमाचा पाहणारी त्या रांगेची घरे, बस.

पावसाच्या आधी गोदाम पुन्हा माणसांनी भरले. बंगालकडची एक बाई रांगेच्या टोकाला मान खाली घालून चालू लागली. कोणी तिच्याशी बोलेना. मंगली आपली जागा सोडून तिच्याशेजारी जाऊन पाय घासू लागली.

"नाव का तुझं?"

बाईने ऑफिसच्या दाराकडे पाहिले.

"मी मंगली. तुझं?"

"शेफाली."

मंगली थांबली. दाराकडे तोंड करून, अख्ख्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मुनीमजी! हिचं नाव शेफाली! इसरजा नोका!"